सातभाईंच्या लेकींची वाट

आमच्या परड्यात सकाळी साडेसहाच्या सुमारास सातभाई पक्ष्यांची टोळी येते. आधी फणसाखालच्या वाळल्या पाल्यात खसफस होते, मग एकदम असा कलकलाट उठतो की नवख्या माणसाला वाटावं, वाटणीवरून भांडण जुंपलंय. आज्जी म्हणायची, "सात भावांचं घर हाय त्येंचं. एकालाबी एकटं खाता येत न्हाई, एकालाबी एकटं ऱ्हाता येत न्हाई."

यातलं शेवटचं वाक्य मी लहानपणी कौतुकानं ऐकलं आणि विसरून गेलो. पुढे पक्षी बघण्याचा नाद लागला, थोडं वाचन झालं, आणि चार वर्षांपूर्वी आमच्या शिवारातल्या पाणंदीची, म्हणजे दोन शेतांमधल्या गाडीवाटेची, वई (कडेचं झाडाझुडपांचं कुंपण) तोडली गेली तेव्हा ते वाक्य पुन्हा आठवलं. ज्याला एकटं राहताच येत नाही, त्याच्या रानाचे तुकडे पडले तर तो काय करतो? हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, राकसकोपकडच्या अंगाला. इथून दक्षिणेला खानापूर तालुक्यात शिरलं की जांबोटी, कणकुंबी, भीमगड असं दाट रान लागतं. ते गोव्याच्या म्हादई अभयारण्याला आणि तिकडे दांडेलीच्या जंगलाला जाऊन भिडतं. पूर्वेला वळलं की काजूच्या बागा, भाताची खाचरं, मग ऊस आणि सौंदत्ती-अथणीकडे कोरडा माळ. एका जिल्ह्यात इतकी वेगवेगळी राहण्याची ठिकाणं आहेत, आणि ती सगळीच हळूहळू कापली जात आहेत. कुठे रस्त्यानं, कुठे उसानं, कुठे प्लॉटिंगनं.

वाटणीचा हिशेब

शास्त्रज्ञ याला अधिवासाचं विखंडन म्हणतात. आपल्याला 'वाटणी' म्हटलं की लगेच उमगतं. शेताची वाटणी झाली की जमीन तेवढीच राहते, बांध मात्र वाढतात. रानाच्या वाटणीत जमीनही घटते आणि बांधही वाढतात. रानाच्या कडेला ऊन आत शिरतं, वारा शिरतो, पाचोळा वाळतो, पाचोळ्यातले किडे-अळ्या कमी होतात. अंडी-पिल्लं पळवणारे कावळे, मांजरं, भारद्वाज यांचाही वावर कडेनंच जास्त.

पाटीवर मांडून बघा. समजा शंभर हेक्टरांचं, म्हणजे साधारण अडीचशे एकरांचं चौरस रान आहे, १ किलोमीटर लांब आणि १ किलोमीटर रुंद. कडेचा त्रास आत १०० मीटरपर्यंत पोचतो असं धरू. मग मधलं शांत, सावलीचं रान उरतं ६४ हेक्टर. त्याच रानातून आडवे-उभे अरुंद रस्ते काढून चार सारखे तुकडे केले, तर मधलं रान उरतं ३६ हेक्टर. सोळा तुकडे केले तर उरतं फक्त ४ हेक्टर. झाडं जवळपास तेवढीच आहेत, कागदावर रान शंभर हेक्टरांचंच आहे, पण ज्या पक्ष्याला आतलं रान लागतं त्याच्यासाठी ते जवळजवळ संपलेलं आहे.

हे झालं सगळ्याच रानपक्ष्यांचं. जमावानं राहणाऱ्यांची अडचण याहून एक पायरी पुढची असते. वॉर्डर अ‍ॅली नावाच्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानं १९३०च्या दशकात एक गोष्ट दाखवून दिली. आपल्याला वाटतं, गर्दी कमी झाली की उरलेल्यांना खायला जास्त, म्हणजे त्यांचं बरं चालेल. काही प्राण्यांत उलटं होतं. संख्या एका पातळीखाली गेली की उरलेल्यांचंही जगणं अवघड होत जातं, कारण पहारा, शोध, पिल्लांची राखण ही कामं त्यांना चौघांत मिळूनच जमत असतात. उत्तर अमेरिकेतलं प्रवासी कबूतर एके काळी अब्जावधींनी होतं, थवे आभाळ झाकून टाकायचे. शिकारीनं आणि रानतोडीनं ते विरळ होत गेलं, आणि इतक्या मोठ्या जमावानं वीण करणाऱ्या या पक्ष्याला लहान लहान टोळ्यांत सावरता आलं नाही. मार्था नावाची शेवटची मादी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली.

सातभाईंचं घर आतून

आता आपल्या सातभाईंकडे येऊ. त्यांच्यावर संकट आलेलं नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. जंगली सातभाई गावात, शहरात, टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडाखालीसुद्धा दिसतात. कोरड्या माळाकडे त्यांचा थोरला राखट भाऊबंद दिसतो, आणि पश्चिमेच्या घाटरानात तांबूस रंगाचा, जास्त लाजरा. नेहमी दिसणारा म्हणूनच जंगली सातभाई शिकायला सोपा. त्याचं घर कसं चालतं हे कळलं की जे पक्षी सहज दिसत नाहीत त्यांचंही समजायला लागतं.

गटात साधारण सहा ते दहा पक्षी असतात, कधी जास्तही. बाकीचे खाली पाचोळा उलटत असताना एक जण उंच फांदीवर बसून पहारा देतो. काही वेळानं तो खाली उतरतो, दुसरा वर जातो. शिक्रा दिसला की वरचा ओरडतो आणि सगळे झुडपात घुसतात. रात्री एकाच फांदीवर अंगाला अंग लावून झोपतात. दुपारच्या उन्हात एकमेकांची मानेची पिसं साफ करत बसतात. हे तुम्ही जवळून पाहिलं नसेल तर एकदा अवश्य पाहा. ज्याची पिसं साफ होत असतात तो मान वाकडी करून, डोळे अर्धे मिटून असा स्वस्थ बसतो की बघताना आपलाही थकवा जातो.

घरट्यात निळीगर्द अंडी असतात. पिल्लं झाली की आईबापांबरोबर गटातले बाकीचेही, म्हणजे थोरले भाऊ-बहिणी, काका-मामा, चोचीत अळ्या घेऊन येतात. या उदारपणाचा फायदा पावशा उठवतो. रोहिणीच्या आसपास ज्याची 'पेरते व्हा' ऐकून आमच्याकडे भाताच्या पेरणीची लगबग सुरू होते, तो पावशा आपली अंडी सातभाईंच्याच घरट्यात घालतो. चातकही तेच करतो. शेतकऱ्याला पेरणीची आठवण देणारा आवाज ज्या गळ्यातून येतो, तो गळा सातभाईंच्या टोळीनं अळ्या भरवून वाढवलेला असतो. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ पावशाचं ओरडणं निराळ्याच कानानं ऐकत बसलो होतो.

आता मुद्द्याची गोष्ट. गटात सात पक्षी असले तरी वीण करणारी जोडी बहुधा एकच, फार तर दोन. बाकीचे मदतनीस. म्हणून शिवारात सत्तर सातभाई मोजले तर ती पस्तीस जोडपी होत नाहीत, ती दहा घरं होतात. जोडीनं राहणाऱ्या पक्ष्यांसारखी यांची डोकी मोजून चालत नाही. एका गटाला स्वतःची अशी बरीच मोठी जागा लागते, आणि तुकडा लहान असला की त्यात एखाद-दुसरंच घर मावतं.

मोठं कुटुंब सुखाचंच असतं असं नाही

पिल्लं मोठी होऊनही घर सोडून का जात नाहीत? याचं सगळ्यात सुरेख उत्तर आपल्यापासून फार लांब, हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर मिळालं. तिथे एक छोटा, मातकट रंगाचा वटवट्या आहे. १९६८ साली तो कझिन नावाच्या एकाच बेटावर उरला होता, तेही तीसपेक्षा कमी पक्षी. ते बेट पक्षी-संरक्षणासाठी विकत घेतलं गेलं, माडांची लागवड हटवून मूळचं रान वाढू दिलं, आणि पुढच्या पंधराएक वर्षांत पक्षी ३०० च्या वर गेले. बेट भरलं. मग मोठी झालेली मुलं, विशेषतः मुली, आईबापांपाशी राहून धाकट्या भावंडांना भरवू लागल्या.

१९८८ साली यातले २९ पक्षी आरिद नावाच्या दुसऱ्या, रिकाम्या बेटावर नेऊन सोडले. तिथे काय झालं? सुरुवातीला एकही मदतनीस नव्हता. जो तो मोठा झाला की आपला संसार मांडत होता. काही वर्षांनी आरिदवरच्या चांगल्या जागा भरल्या, आणि तिथेही मुलं घरात राहू लागली. पक्षी तेच, स्वभाव तोच. फरक फक्त बाहेर जागा आहे की नाही एवढाच.

एकत्र कुटुंब म्हटलं की आपण माया बघतो. माया असतेच. पण आमच्या गावात तीन भाऊ एका छपराखाली राहतात तेव्हा बऱ्याचदा दुसरं घर बांधायला जागा नसते, हेही आपण जाणतो. तुकड्यात अडकलेल्या पक्ष्यांचा मोठा गट दिसला की म्हणूनच मी लगेच आनंदानं टाळी वाजवत नाही. बाहेरची वाट बंद झाली असेल तरी गट फुगतो.

या वाटेचा प्रश्न मुलींना जास्त पडतो. बऱ्याच पक्ष्यांमध्ये, आणि जंगली सातभाईंमध्येही, नर घराजवळ राहतो आणि मादी पहिल्या दोनएक वर्षांत घर सोडून दुसऱ्या गटात जाते. सासरी जाण्यासारखंच, मात्र सोबतीला वऱ्हाड नाही. ती एकटी निघते. ऑस्ट्रेलियात खोडावर सरसर चढणारा एक तपकिरी पक्षी आहे, तोही असाच कुटुंबानं राहणारा. तिथलं रान गव्हाच्या आणि मेंढ्यांच्या शेतीनं तुकड्या-तुकड्यांत वाटलं गेलं. अभ्यासकांना सुट्या पडलेल्या तुकड्यांत नर सापडले. खायला होतं, जागा होती, नर आपापली हद्द राखून होते, पण त्यांना मादी मिळत नव्हती. शेजारच्या तुकड्यातल्या लेकी मधलं उघडं शिवार ओलांडून पोचत नव्हत्या. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, पक्षी आहेत की अजून. पण एकदा ते नर म्हातारे होऊन गेले की तो तुकडा मुका होणार.

पाणंद

आमच्या भागात दोन शेतांमधून बैलगाडी जाईल एवढी वाट असते, ती पाणंद. तिच्या दोन्ही अंगांना वई असायची: निवडुंग, घाणेरी, करंज, मध्येच एखादी बाभूळ, कुठे शिंदी. वरून बघितलं असतं तर शिवारभर हिरव्या दोऱ्यांची वीण दिसली असती. एका आमराईतून दुसऱ्या आमराईत, तिथून ओढ्याला, ओढ्यावरून देवराईला. संरक्षणाची भाषा बोलणारे ज्याला संचारमार्ग म्हणतात तो आमच्या पणजोबांनी गुरं पिकात शिरू नयेत म्हणून लावून ठेवला होता.

सातभाईंचे पंख आखूड आणि गोल. चार फडफडी मारायच्या आणि घसरत पुढच्या झुडपात शिरायचं, एवढीच त्यांची झेप. जुन्या पाणंदीत मी त्यांना ओलांडताना कितीदा पाहिलंय. पहिला वईच्या टोकाला येतो, इकडे तिकडे बघतो, घसरत पलीकडे जातो आणि तिथून ओरडतो. मग दुसरा, तिसरा, माळेतले मणी सुटावेत तसे. पहारेकरी शेवटी येतो.

चार वर्षांपूर्वी पाणंद रुंद झाली. ट्रॅक्टर-ट्रॉलीला वाट हवी होती, ती गरज खरी होती, आणि गळिताच्या दिवसांत चिखलात रुतलेल्या उसाच्या गाड्या मीही ढकलल्या आहेत. पण दोन्ही बाजूंची वई एका दिवसात जेसीबीनं काढली गेली. एका बाजूची ठेवता आली असती. तसं सांगायला मी गेलो तेव्हा अर्धं काम होऊन गेलं होतं, आणि मी आठवडाभर आधी का गेलो नाही याची रुखरुख अजून आहे.

सातभाई आता ती मोकळी पट्टी ओलांडतच नाहीत असं नाही. ओलांडतात. पण पूर्वी जे चालता चालता व्हायचं त्याला आता वेळ लागतो. चाळीसेक पावलांचं उघडं अंतर आहे. पहिला उरलेल्या करंजाच्या टोकाला येऊन बसतो, खाली उतरतो, पुन्हा वर जातो. पलीकडे विजेच्या खांबावर शिक्रा असेल तर सगळे मागे फिरतात. गट असल्यावर पहारा असतो, निदान चार डोळे आभाळाकडे असतात. एकटी निघालेली दोन वर्षांची मादी हीच पट्टी कशी ओलांडत असेल, हा विचार मला तिथून जाताना दर वेळी येतो.

उसाचं काय, असं कुणी विचारेल. उभ्या उसात आडोसा असतो, हे खरं. पण तो आडोसा कोयता लागला की दोन दिवसांत नाहीसा होतो, आणि फडाला आग लावली तर एका रात्रीत. त्यावर भरवसा ठेवून घर करता येत नाही.

घाटरानातल्या पक्ष्यांसाठी तर रस्त्याएवढी फटही मोठी असते. पनामा कालव्यासाठी नदी अडवली तेव्हा तिथल्या एका टेकडीचं बेट झालं, बारो कोलोराडो. तिथले रानाच्या तळाशी राहणारे कितीतरी पक्षी पुढच्या काही दशकांत संपले. ते पलीकडून परत का आले नाहीत हे बघायला संशोधकांनी त्या तलावात रानपक्षी होडीतून नेऊन किनाऱ्यापासून १०० मीटरवर सोडले. काही जातींचे पक्षी तेवढंही अंतर नीट उडू शकले नाहीत, पाण्यात पडले, आणि त्यांना उचलून घ्यावं लागलं. ज्यांना पंख आहेत ते कुठेही जातील, ही आपली समजूत त्या होडीत खोटी ठरली.

वेगवेगळ्या जातींची एक टोळी

जांबोटीच्या पुढे रानात पावसाळा संपल्यावर सकाळी उभं राहिलं तर कधी अर्धा तास काहीच दिसत नाही, आणि मग एकाएकी झाडन् झाड हलायला लागतं. निखार, सुतार, शिलींध्री, स्वर्गीय नर्तक, वटवटे, सगळे एकाच दिशेनं सरकत असतात. ही मिश्र टोळी. यात भृंगराजाचं काम पहाऱ्याचं. इतरांनी उडवलेले किडे तो टिपतो आणि बदल्यात धोका दिसला की ओरडतो. श्रीलंकेच्या सिंहराजा जंगलात असं आढळलंय की भृंगराज टोळीतल्या दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजांची नक्कल करतो आणि त्या नकलेनं ते पक्षी गोळा होतात.

अशी टोळी तुकड्यात टिकत नाही. ब्राझीलमध्ये मनाउस शहराजवळ १९७९ पासून अ‍ॅमेझॉनच्या रानात १, १० आणि १०० हेक्टरांचे तुकडे ठरवून राखून त्यांवर अभ्यास चालू आहे. १ आणि १० हेक्टरांच्या तुकड्यांतल्या मिश्र टोळ्या थोड्याच काळात मोडल्या, कारण टोळीला दिवसभर फिरायला लागणारी जागाच तिथे नव्हती. पण पुढची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. मधल्या तोडलेल्या जागेत जिथे पुन्हा झाडोरा वाढला, तिथे काही वर्षांत टोळीतले पक्षी तुकड्यांमध्ये पुन्हा दिसू लागले. मधल्या जागेत जुनं रान परत आलेलं नव्हतं, नुसती वेड्यावाकड्या झाडांची वाढ होती, आणि तेवढ्यानं वाट उघडली.

धनेशाचं गणित निराळं. दांडेलीकडचे कवडे धनेश थव्यानं मोठमोठी अंतरं उडतात, त्यांना शेत ओलांडायची धास्ती नाही. त्यांना अडचण पडते ती ढोलीच्या जुन्या झाडांची आणि वड-उंबरांची. खानापूरच्या रस्त्याकडेची जुनी झाडं गेली तेव्हा आपण सावली गेली म्हणून हळहळलो. फळं आणि ढोल्याही गेल्या.

करता येण्यासारखं

अमेरिकेच्या आग्नेय भागात पाइनच्या रानात एक सुतार पक्षी कुटुंबानं राहतो, थोरले मुलगे घरी थांबून मदत करतात. तो जिवंत झाडात ढोली कोरतो, आणि एक ढोली पुरी व्हायला वर्षं लागतात. तिथल्या अभ्यासकांनी रिकाम्या रानात झाडांना कृत्रिम ढोल्या पाडून दिल्या. घरी बसलेले मदतनीस पाहता पाहता तिथे जाऊन राहिले. १९८९ साली ह्यूगो वादळानं साउथ कॅरोलायनामधली हजारो झाडं पाडली तेव्हा याच युक्तीनं तिथले सुतार तगले. २०२४ मध्ये त्या जातीवरचा धोक्याचा शेरा एका पायरीनं खाली आला. जागा करून दिली की पक्षी स्वतः पुढचं बघतात, एवढं या गोष्टीवरून नक्की म्हणता येतं.

आपल्याकडे ढोल्या पाडायची गरज नाही. वई हवी. तारेचं कुंपण घातलं तरी तारेच्या कडेनं करंज, निरगुडी, काटेरी झुडपं येऊ द्यावीत. पाणंद रुंद करायची तर एका अंगाची वई राखून करावी. आमराईतला पाचोळा संक्रांतीनंतर पेटवून देण्याची सवय सोडावी, कारण सातभाईंचं ताट तेच आहे. ओढ्याकाठची झुडपं खडखडीत साफ करू नयेत. यातलं काहीच खर्चाचं नाही, पण ग्रामसभेत काम ठरतं तेव्हाच बोलावं लागतं. नंतर बोलून काय होतं ते मी पाहिलंय.

आणि एक गोष्ट कुणालाही करता येते. सातभाई मोजताना त्यांचे डोळे बघा. मोठ्या पक्ष्याचा डोळा फिकट, पांढरट-पिवळा असतो. त्या वर्षीच्या पोराचा डोळा गडद असतो आणि वय वाढेल तसा फिका होत जातो. दुर्बीण नसली तरी परड्यात दहा पावलांवर आलेल्या पक्ष्याचा डोळा दिसतो. गडद डोळे दिसले तर घरट्यातून पिल्लं बाहेर पडली आहेत.

आमच्या गटाची नोंद मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला ठेवतो. वई गेली त्या वर्षी सात होते. पुढच्या वर्षी नऊ झाले, मग अकरा. शेजारचे तात्या म्हणाले, "वाढल्यात की रे, तू उगंच काळजी करतोस." मी त्यांना कझिन बेटाची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "म्हंजे ह्यात लग्नाच्या पोरी किती?" इतका नेमका प्रश्न मला सुचला नव्हता. एका गटावरून काही सिद्ध होत नाही हे मला ठाऊक आहे, पण गेल्या पावसाळ्यात तात्यांनी त्यांच्या बाजूच्या बांधावर, पाणंदीला लागून, करंजाच्या बिया टोचल्या. आज त्या झुडपांची उंची गुडघ्याएवढी आहे. सातभाईंना त्यात शिरायला अजून दोन पावसाळे लागतील. या सोमवारी सकाळी दहा मोजले. तिघांचे डोळे गडद होते.